डाव्या पायाची जागा

“सदुसष्ट, पाय हलला हं,” मी माईकवर म्हणालो. “आता थोडा वेळ अगदी दगड व्हायचं. समोर फुली दिसतेय ना? तिच्याकडे बघत राहायचं, बस्स.”

बोगद्यातून उत्तर आलं, की दिसतेय, पण ती फुली नाही, अधिकचं चिन्ह आहे. फुली तिरकी असते.

मी माईक बंद करून हसलो. काचेपलीकडे यंत्राच्या तोंडातून दोन बारके पाय बाहेर आलेले दिसत होते, मोज्यांवर पिवळी बदकं. डाव्या पायाशी स्टुलावर मावशी बसल्या होत्या. त्यांनी घोट्यावर हात ठेवला, अंगठा हळूहळू थोपटल्यासारखा हलू लागला, आणि अर्ध्या मिनिटात बदकं शांत झाली. मी बटण दाबलं.

आमच्याकडे मुलांना नावं नव्हती. म्हणजे घरून येताना असायची, पण ती दारातल्या रजिस्टरमध्ये बंद व्हायची आणि आत येईपर्यंत मुलाचा नंबर होऊन जायचा. संशोधनाचा तसा नियमच होता. एका मुलाच्या डोक्यात गणित पटकन का शिरतं, दुसऱ्याला गोष्ट ऐकून जशीच्या तशी का सांगता येते, तिसऱ्याचं मन कशातच का टिकत नाही, आणि याचा मेंदूतल्या आतल्या जोडण्यांशी काय संबंध असतो, हे शोधून काढायचं होतं. आधी मुलांना कोडी घालायची, आकडे उलटे म्हणायला लावायचे. मग एमआरआयच्या बोगद्यात निजवायचं आणि सांगायचं, आता आठ मिनिटं काही करू नकोस. झोपू नकोस, हलू नकोस, मुद्दाम कसला विचार करू नकोस. मेंदू रिकामा बसला की आपापसात काय कुजबुजतो ते या आठ मिनिटांत यंत्राला टिपायचं असतं.

रिकामं बसणं हे जगातलं सर्वांत अवघड काम आहे, हे मी तिथे शिकलो. मोठी माणसं मोबाइल चाचपतात. मुलं नाक खाजवतात. आणि डोकं तांदळाच्या दाण्याएवढं सरकलं तरी चित्र फिसकटतं, फिसकटलेलं चित्र बाद. दुसऱ्या केंद्रांत दहातली चार मुलं अशी बाद व्हायची. आमच्याकडे जेमतेम एक. आमच्या मुख्य डॉक्टर मॅडम याचं श्रेय सरावासाठी बनवलेल्या पुठ्ठ्याच्या बोगद्याला द्यायच्या. बाहेरचे पाहुणे त्या पुठ्ठ्याचे फोटो काढून न्यायचे. खरं कारण मला काचेतून दर वेळी दिसत होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची सवय नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतच सुटते.

मावशी म्हणजे आमच्या विभागातल्या मदतनीस. खोली पुसणं, चादर बदलणं, मुलांच्या केसांतल्या पिना काढून डबीत ठेवणं ही त्यांची कामं. हे संशोधन सुरू झालं तेव्हा नियमांच्या कागदात एक ओळ होती, की मूल घाबरल्यास खोलीत एका व्यक्तीने बसून धीर देण्यासाठी पायावर हात ठेवावा. ती व्यक्ती मावशी झाल्या. उजव्या बाजूला वायरींचं जंजाळ होतं, म्हणून स्टूल डावीकडे ठेवलं. हात ठेवावा एवढंच लिहिलं होतं. पण लहान मुलाच्या अंगावर हात ठेवून तो नुसता ठेवून देणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

स्कॅन झाला की मावशी मुलाला उठवून बसवायच्या, बूट घालायच्या आणि हळूच विचारायच्या, “कुठे जाऊन आलास?” ही त्यांची स्वतःची भर होती, कागदात कुठेच नव्हती. आणि मुलं सांगायची. एक म्हणाला, मी छतावर चालत होतो, पण छत खाली होतं. एक मुलगी आजोबांच्या खिशात बसून बाजारात जाऊन आली होती, खिशात एक किल्ली होती आणि ती गरम होती. एकाला यंत्र सारखं “बटण, बटण, बटण” म्हणताना ऐकू आलं आणि त्याला त्याचा राग आला होता. सदुसष्टनं सांगितलं, की तिची शाळाच पाण्याखाली होती, घंटा वाजली की बुडबुडे यायचे आणि सगळी मुलं त्या बुडबुड्यांतून एकमेकांशी बोलायची. बाई मात्र काठावर उभ्या होत्या, त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

दुपारी चहाच्या वेळी मावशी हे सगळं मला सांगायच्या. कंट्रोल रूममध्ये दिवे मंद असायचे, यंत्र नुसतं सुसकारत पडलेलं, बाहेर उन्हाला कसला आवाज नाही. ऐकता ऐकता माझाही डोळा लागल्यासारखा व्हायचा. कधी कधी मला वाटायचं, की माझ्या पडद्यावर करडे ठिपके येतात ते नुसते तिकिटांचे तुकडे आहेत, आणि प्रवास सगळा या बाईच्या पदरात जमा होतो आहे.

ती करडी ठिपक्यांची चित्रं पुढे एका मुलीकडे जायची. तिला आम्ही पाठीमागे पीएचडी म्हणायचो. तीन वर्षं ती एका कोपऱ्यातल्या टेबलावर बसून त्या चित्रांत जोडण्या शोधत होती. बारीक अंगाची, अबोल, डबा उघडायची आणि खायला विसरायची. मावशी तिला “ताई, आधी खा” म्हणत तिच्या पुढ्यातून कीबोर्ड ओढून घ्यायच्या. एकदा मावशींनी विचारलं, की तुम्ही त्यात बघता तरी काय? तेव्हा ती म्हणाली, “समजा, समोरच्या इमारतीत दोन खिडक्या आहेत. एक पहिल्या मजल्यावर, एक सातव्या. एकीत दिवा लागला की दुसरीत लागतो, एकीतला गेला की दुसरीतला जातो. रोज. तर आपण काय समजायचं?”

“दोघांचं काहीतरी आहे,” मावशी म्हणाल्या.

पीएचडी इतकी हसली, की तिला ठसका लागला. म्हणाली, मावशी, आमचं सगळं शास्त्र एवढंच आहे. मेंदूत अशा हजारो खिडक्या आहेत, आणि कुणाचं कुणाशी काहीतरी आहे हे प्रत्येक मुलात थोडं वेगळं असतं. त्या वेगळेपणातच मूल कसं विचार करतं त्याचा पत्ता असावा, असं आम्हाला वाटतं.

शंभर मुलं पुरी झाली तेव्हा तिला तो पत्ता सापडला. गुरुवारच्या बैठकीत तिनं भिंतीवर मोठं चित्र लावलं. ज्या मुलांचं लक्ष टिकत नाही, जी चुळबुळी, कोड्यांत मागे पडणारी, त्यांच्या मेंदूत एक ठिपका उजळ दिसत होता. डोक्याच्या वरच्या बाजूला, उजवीकडे, आतल्या दुमडीत. तो ठिपका एका लांबच्या जागेबरोबर लागत होता आणि विझत होता. शांत, हुशार मुलांत तो जवळजवळ नव्हताच. अशी जोडणी कुणी आधी पाहिली नव्हती. मॅडमच्या चेहऱ्यावर मी दहा वर्षांत न पाहिलेलं हसू होतं. त्यांनी सांगितलं, की एका शाळेनं आधीच विचारणा केली आहे. प्रवेशाच्या वेळीच अशी मुलं ओळखता आली, तर त्यांचा वर्ग पहिल्यापासून वेगळा ठेवता येईल. दुधात साखर, असं कुणीतरी म्हणालं.

मावशी चहाचे कप ठेवत होत्या. त्यांनी सहज विचारलं, की ताई, ही जागा कसली? माणसाची काय काम करते ती? बैठकीत मावशींनी प्रश्न विचारणं म्हणजे नवलच, पण पीएचडी खुशीत होती. ती म्हणाली, तीच तर गंमत आहे, एरवी ती अगदी साधी जागा आहे, डाव्या पायाची. डाव्या पायाला काही लागलं, कुणी हात लावला, तर तिथे कळतं.

मावशींनी उरलेले कप ठेवले. एकही हिंदकळला नाही. मग त्या कंट्रोल रूममध्ये आल्या, दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“दादा, मी कुठल्या बाजूला बसते?”

काचेपलीकडे स्टूल होतं, यंत्राच्या डावीकडे, नेहमीच्या जागी. मला बैठकीतच कळलं होतं, खोटं कशाला बोलू. जेवढं पोर चुळबुळं, तेवढा मावशींचा अंगठा जास्त वेळ चालायचा. शांत पोराला त्या एकदा दोनदा थोपटून हात नुसता ठेवायच्या. चुळबुळ्याला थोपटायचं, थांबायचं, पुन्हा थोपटायचं. खिडकीत दिवा लागत होता आणि विझत होता तो त्या अंगठ्यानं. तीन वर्षांच्या शोधाच्या टोकाला मुलांचा मेंदू नव्हता, आमच्या मावशी होत्या.

मी त्यांना गप्प राहायला सांगितलं. हे लिहिताना लाज वाटते, पण सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणालो. तुमच्या निवृत्तीला दीड वर्षं राहिली आहेत, त्यांना कळलं तर आधी तुम्हाला या खोलीतून बाहेर काढतील. त्या पोरीची तीन वर्षं पाण्यात जातील. आणि कागदात लिहिल्याप्रमाणे तुम्ही हात ठेवला होता, त्यात खोटं काय? मी बरंच बोललो. त्यातलं निम्मं मी स्वतःसाठीच बोलत होतो, कारण काचेतून बघणारा मी होतो.

मावशी पिनांची डबी पुसत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “मी सात वर्षांची असताना बाईंनी मला शेवटच्या बाकावर बसवलं. ढ पोरींचा बाक. चौथीपर्यंत बसले, मग घरच्यांनी काढून घेतलं. मला कुणी मोजलं नव्हतं दादा, नुसतं बघून ठरवलं. म्हणून मला आयुष्यभर म्हणता आलं, की बाईंचं चुकलं असेल. या पोरांना तर यंत्रानं मोजून सांगतील. मग त्यांनी काय म्हणायचं?”



या खोलीत पाय ठेवायला मिळणं हे मावशींना किती मोठं होतं, ते मला ठाऊक होतं. स्वतःचं मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर भावाच्या घरी एका खोलीत राहायच्या, तोंड सांभाळून. आठवड्याला एक-दोन पोरं हाताखालून जायची आणि प्रत्येक पोर कुठून तरी काहीतरी आणून त्यांना द्यायचं. ते सगळं जाणार हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. तरी त्या थेट कोपऱ्यातल्या टेबलाशी गेल्या. मीही मागे गेलो, एवढं तरी केलं.

पीएचडीनं पहिल्यांदा ऐकूनच घेतलं नाही. मग ऐकलं. म्हणाली, असं होणार नाही, एवढ्याशा स्पर्शानं एवढी खूण उमटणार नाही. मग एकदम तिचा आवाज चढला. “तुम्हाला थोपटायला कुणी सांगितलं होतं मावशी? हात ठेवा म्हटलं होतं ना? नुसता ठेवायचा होता.”

“नुसता ठेवून पोर गप्प राहत नव्हतं,” मावशी म्हणाल्या. “चुकलं माझं. पण तुम्ही तपासून बघा ताई. मला घाला त्यात.”

मॅडमना सांगावंच लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तपासा. रविवारी यंत्र रिकामं असतं. शाळेला काही कळवायच्या आधी तपासा.

रविवारी दुपारी आम्ही तिघंच होतो. इमारत ओस, लिफ्टचा दिवा बंद, कॉरिडॉरमध्ये फिनाइलचा वास. मावशी स्वच्छ धुतलेली साडी नेसून आल्या होत्या. केसांतल्या पिना स्वतःच काढून त्यांनी डबीत टाकल्या. तीन वर्षं त्या यंत्रापाशी बसल्या होत्या, पण फळीवर आडव्या झाल्यावर म्हणाल्या, “बाई गं, आतून एवढं अरुंद असतं होय? आणि मी पोरांना खुशाल सांगते, काही नाही, काही नाही.”

पहिली आठ मिनिटं त्यांना एकटीलाच ठेवलं. स्टूल रिकामं. त्या इतक्या निश्चल होत्या, की मी दोनदा श्वासाची रेघ तपासली. बाद होण्याची भीती त्यांनाही असावी. मग दुसऱ्या वेळी पीएचडी आत गेली, स्टुलावर बसली आणि तिनं मावशींचा डावा घोटा धरला. मावशींच्या टाचांना भेगा होत्या. पोरीनं त्या पाहिल्या आणि क्षणभर हात तसाच राहिला. मी बटण दाबायच्या आधी तिला एकदा करून दाखवायला सांगितलं. तिनं दाराची बेल वाजवावी तसा अंगठा मारायला सुरुवात केली. तीन रात्री ती झोपली नव्हती, राग हातात उतरला होता.

बोगद्यातून मावशींचा आवाज माझ्या स्पीकरवर आला.

“जरा हळू, बाळा. पोर घाबरलंय असं समज.”

इतकी वर्षं त्या तिला ताई आणि तुम्ही म्हणत होत्या. पीएचडीनं मान खाली घातली. अंगठा मंदावला. थोपटत राहिली, थांबली, पुन्हा थोपटू लागली. मी सुरू केलं. यंत्र धडधडू लागलं, ती धडधड काचेतून माझ्यापर्यंत पाण्याखालून आल्यासारखी पोचत होती. आत एक साठीकडे झुकलेली बाई निजली होती आणि जिचं सगळं काम ती उधळून लावणार होती ती पोर तिच्या पायाशी बसून तिला थोपटत होती. आठ मिनिटं संपली, यंत्र आपोआप गप्प झालं. पोरीला ते कळलं नाही, की कळूनही थांबवेना, कोण जाणे. मी माईकचं बटण दाबायला बोट नेलं आणि मागे घेतलं. आणखी एक-दोन मिनिटं तसंच चालू दिलं.

मावशी बाहेर आल्यावर त्या कुठे जाऊन आल्या हे विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. याची मला अजून चुटपुट लागते.

गणित व्हायला तासभर लागला. पहिल्या चित्रात ती जागा काळोखी होती. दुसऱ्यात उजवीकडे, आतल्या दुमडीत, ठिपका लख्ख उजळला होता. पीएचडीनं तो पाहिला, दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पुन्हा पाहिला, आणि टेबलावर डोकं टेकून रडली. मावशी तिच्या शेजारी नुसत्या बसून राहिल्या. त्या वेळी त्यांनी तिला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीत धरून बसल्या होत्या, कुणाचं तरी काहीतरी फोडल्यावर बसावं तशा.

सोमवारी शाळेला पत्र गेलं, की असं काही ओळखता येत नाही, येईल असं सध्या दिसतही नाही. शंभर मुलांची चित्रं रद्द झाली. पीएचडीनं पहिल्यापासून सुरुवात केली. तिनं प्रबंधात सगळं खरं लिहायचं ठरवलं, मावशींच्या अंगठ्यासकट, आणि त्याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो. नियमांच्या कागदातली ती ओळ खोडली गेली. आता स्कॅन चालू असताना खोलीत कुणी बसायचं नाही. मावशींना कुणी रागावलं नाही. मॅडम चांगलं बोलल्या. फक्त मावशींची खुर्ची कॉरिडॉरमध्ये ठेवली गेली आणि काम लिहून दिलं गेलं: मुलांचे बूट सांभाळणे.

ज्यांना शक्य होतं त्या मुलांना पुन्हा बोलावलं. दहातली चार बाद होऊ लागली, कधी पाच. सदुसष्टही आली. उंच झाली होती, मोजे आता साधे पांढरे होते. आत एकटीच गेली. मी माईकवर जेवढं गोड बोलता येतं तेवढं बोललो. दुसऱ्या मिनिटाला पाय हलला, चौथ्याला डोकं. पुन्हा केलं, पुन्हा हललं. तिसऱ्यांदा करायला परवानगी नव्हती. मी तिच्या नंबरापुढे “बाद” लिहिलं आणि तिला बाहेर आणलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दार उघडं होतं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

“मी हलले,” ती मावशींना म्हणाली. “मी नापास झाले.”

मावशी खाली बसून तिच्या बुटांचे बंद बांधत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. “नापास कुठली? यात पास-नापास नसतं,” त्या म्हणाल्या. “यंत्राला हललेलं कळत नाही, एवढंच. त्याला शिकवतायत ताई. वेळ लागेल.”

मुलीनं नाक पुसलं आणि विचारलं, की यंत्र ढ आहे का? मावशींचे हात बंदावर थांबले. मग त्या म्हणाल्या, नाही गं, असं कुणालाच म्हणू नये.

तिची आई खाली फॉर्म भरत होती, तिथवर तिला सोडायचं होतं. मावशी उठल्या, गुडघा धरून जरा उभ्या राहिल्या आणि निघाल्या. आमच्या कॉरिडॉरची फरशी एक काळी, एक पांढरी अशी आहे. मुलगी पुढे उड्या मारत फक्त काळ्या फरशांवर पाय देत चालली होती. मी दारातून बघत होतो. मावशी मागून चालत होत्या, हात पाठीशी बांधलेले, नजर खाली. वळणापाशी त्यांचं पाऊल पांढऱ्या फरशीवर पडता पडता राहिलं. त्यांनी ते उचललं, साडी जराशी वर धरली आणि पुढच्या काळीवर टाकलं.